डिस्को आणि फंकमधली तुमची सगळ्यात लाडकी जुनी गाणी कुठली, आणि त्यात नेमकं काय ऐकता?

चारतारा

नमस्कार मंडळी. पंधरा-सोळा वर्षं बेस गिटार वाजवतोय, बहुतेक सगळं रॉक. आमचा ड्रमर मध्यंतरी बँड सोडून गेला आणि नवीन जी ड्रमर आली तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मला सत्तरच्या दशकातलं फंक आणि डिस्को वाजवायचंय, तुमची तयारी असेल तर मी आहे. माझी तयारी कधीपासूनच होती, घरी मी दुसरं फारसं काही ऐकतच नाही, फक्त सोबत वाजवायला कोणी नव्हतं.

आधी माझी लाडकी गाणी सांगतो, मग अडचण.

पहिलं शीक या बँडचं 'गुड टाइम्स', 1979. बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस. पहिल्या तीन ठोक्यांना तोच एक ई सूर, सरळ, कसलीही नक्षी नाही, मग जरा दम खाऊन ओळ वर चढते आणि ए वर जाऊन बसते. ई मायनर आणि ए, एवढ्या दोन कॉर्डवर अख्खं गाणं. अल्बमवरची आठ मिनिटांची आवृत्ती ऐका, मधे एकेक वाद्य गळत जातं, बेस आणि ड्रम उरतात आणि मग एकेक जण परत येतो, मी शेकडो वेळा ऐकलं असेल पण ती जागा आली की हातातलं काम थांबतंच. त्याच वर्षी 'रॅपर्स डिलाइट' याच ओळीवर उभं राहिलं आणि पुढच्या वर्षी क्वीनच्या जॉन डीकनने 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बांधलं त्यातही ते तीन ई स्पष्ट ऐकू येतात.

दुसरं टॉवर ऑफ पॉवरचं 'व्हॉट इज हिप', 1973. रोको प्रेस्टिया एका ठोक्यात चार-चार सूर अखंड वाजवतो आणि तरी गोंगाट होत नाही, कारण डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकलेली, प्रत्येक सूर जन्मला की लगेच दाबलेला. तिसरं स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं 'थँक यू', 1969 च्या शेवटचं, लॅरी ग्रॅहमच्या अंगठ्यासाठी.

आता अडचण. गेल्या आठवड्यात 'गुड टाइम्स' ची प्रॅक्टिस फोनवर रेकॉर्ड केली आणि घरी येऊन ऐकली. सूर बरोबर, लय पक्की, मेट्रोनोम लावून तपासलं तरी कुठे सटकत नाहीये, पण गाणं जागेवरून हलतच नाही. पाय हलत नाही माझा स्वतःचा, मग ऐकणाऱ्याचा काय हलणार. ड्रमर म्हणते "तू फार वाजवतोयस". मी मूळ ओळीपेक्षा एकही सूर जास्त वाजवत नाहीये, मग फार म्हणजे काय?

तर तुमची आवडती गाणी सांगा, पण नुसती यादी नको, कान कुठे लावता ते सांगा.

टिपरी

मस्त धागा. मी ड्रमर आहे त्यामुळे तुमच्या ड्रमरची बाजू घेतो. ती "फार" म्हणतेय ते सुरांच्या संख्येबद्दल नाही, लांबीबद्दल असणार. रॉकमधे बेसचा सूर पुढच्या सुरापर्यंत ओढायची सवय असते, भिंत उभी करायची असते ना. इथे भिंत नको, खिडक्या हव्यात. स्वतःचं रेकॉर्डिंग परत ऐका आणि एकच गोष्ट बघा, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा करकरीत ड्रम, पडतो तेव्हा तुमचा सूर अजून वाजतोय का? वाजत असेल तर तुम्ही तिच्या स्नेअरवर पांघरूण घालताय.

माझं लाडकं गाणं हॅरोल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं 'द लव्ह आय लॉस्ट', 1973, फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओतलं. ड्रमर अर्ल यंग. हे आधी संथ गाणं म्हणून ठरलं होतं, स्टुडिओत लय वाढवली आणि त्याने खाली पायाने वाजणारा बेस ड्रम चारही ठोक्यांना सरळ ठेवला आणि वर हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांची जोडी, दोन ठोक्यांच्या मधे उघडायला लागला. ठोक्याला बंद, मधे उघडी, ठोक्याला बंद, मधे उघडी. डाव्या पायाची टाच-चवडा, टाच-चवडा एवढीच हालचाल, पण ती "त्स्स" जी येते ना ती अख्ख्या डिस्कोचा श्वास आहे, पुढची सात-आठ वर्षं जगभरच्या ड्रमरनी हेच वाजवलंय. आणि गंमत म्हणजे ती "त्स्स" सुद्धा किती वेळ टिकते यावर सगळं आहे. पाय उशिरा खाली आला की गाणं ढिलं पडतं, लवकर आला की चिमटल्यासारखं होतं.

अर्ल यंग पुढे ट्रॅम्प्समधे होता, 'डिस्को इन्फर्नो' वाले, आणि तिथे तो ड्रमशिवाय खर्जातला आवाजही गायचा. दोन्हीकडे तळ सांभाळणारा माणूस.

खर्जप्रेमी

बेसवाल्या भावा, स्वागत. पण मी सरळ सांगतो, शिकायचं असेल तर डिस्को बाजूला ठेव आणि आधी फंक कर. जेम्स ब्राउन, 'कोल्ड स्वेट', 1967. बहुतेक गाणं एकाच कॉर्डवर, मधला वेगळा तुकडा (ब्रिज) सोडला तर, आणि गिटार, हॉर्न, बेस, ड्रम सगळे मिळून एकच मोठं ड्रम वाजवताहेत असं वाटतं, प्रत्येकाकडे एकेक छोटा तुकडा आणि कोणीच दुसऱ्याच्या तुकड्यावर पाय देत नाही. याचा पाया म्हणजे पहिला ठोका, ते लोक त्याला 'द वन' म्हणायचे. आपल्याकडे ज्यांनी तबला ऐकलाय त्यांना वेगळं समजवायला नको, ही सम आहे, फक्त इथे ती दर चार ठोक्यांनी येते आणि सगळ्यांनी तिथे एकत्र उतरायचं, मधे कोण कुठे भटकतोय याला मुभा आहे.

बूट्सी कॉलिन्स 1970 मधे ब्राउनकडे आला तेव्हा अठरा वर्षांचा होता, हात भरपूर चालायचा, आणि ब्राउनने त्याला हेच शिकवलं की पहिला ठोका मला दे, बाकी तुला काय करायचं ते कर. 'सेक्स मशीन' ऐक त्याच वर्षीचं, बूट्सी बेसवर आणि त्याचा सख्खा भाऊ कॅटफिश गिटारवर. पोरगा किती सुटलाय, पण एकावर येतोच.

डिस्कोत काय होतं, बेस ड्रम चारही ठोके सारखेच मारतो. चारही सारखे म्हणजे सम कुठे राहिली? म्हणून माझा जीव तिथे रमत नाही.

जुनी_तबकडी

खर्जप्रेमी, तुमचं जेम्स ब्राउनबद्दलचं सगळं मान्य, पण शेवटच्या वाक्याला मी अडवणार. डिस्कोत सम हरवत नाही, ती ड्रमकडून बेसकडे येते. ड्रमर चारही ठोके सारखे ठेवतो म्हणूनच एक कुठे आहे ते सांगायची जबाबदारी बेसवाल्यावर पडते. 'गुड टाइम्स' मधे बेस काढून टाका मनातल्या मनात, उरलेल्या ठोक्यांमधला पहिला ओळखता येतो का बघा. म्हणून चारतारा यांना हे गाणं अवघड जातंय यात मला नवल वाटत नाही, त्यांच्यावर भार जास्त आहे.

मी वाजवत नाही, तबकड्या जमवतो आणि लावतो, चाळीसेक वर्षं झाली. त्यामुळे माझं उत्तर जरा वेगळ्या बाजूने. डिस्कोला कमी लेखायची सवय जुनी आहे आणि तिच्यामागे काय होतं हे माहीत असावं. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग रचून स्फोटाने उडवला, लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द होऊन पाहुण्या संघाला बहाल करावा लागला. त्या ढिगात डिस्कोशी काहीही संबंध नसलेल्या काळ्या कलाकारांच्या सोल रेकॉर्डही होत्या. हे संगीत न्यूयॉर्कमधल्या काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या नाचाच्या जागांमधून वर आलेलं, त्यांना दुसरीकडे कुठे मोकळेपणाने नाचता येत नव्हतं. तेव्हा त्या रागाचं कारण नुसता बेस ड्रम नव्हता. आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर कोण होतं? 'गुड टाइम्स'.

आता बेसवाल्यांच्या कामाची गोष्ट. न्यूयॉर्कमधे टॉम मोल्टन नावाचा माणूस नाचणाऱ्यांसाठी गाणी लांब करायचा, टेप कापून-जोडून. नेहमीच्या आकाराची प्लेट संपली म्हणून एकदा एक गाणं मोठ्या तबकडीवर कापलं गेलं, आणि त्याने आग्रह धरला की एवढी जागा आहे तर खाचा दूर दूर पसरवा. खर्जाच्या सुराला खाच आडवी जास्त हलते, तिला जागा लागते. सात इंची तबकडीवर गाणं लांबलं की खाचा दाटीने बसतात आणि खर्ज कमी करावा लागतो. बारा इंचीवर ती अडचणच गेली. म्हणजे बारा इंची सिंगल आलं आणि बेसला पहिल्यांदा अंग पसरून बसायला मिळालं. माझ्याकडे एकच गाणं दोन्ही आकारात आहे अशा काही जोड्या आहेत, दिव्याखाली तिरपी धरली तर मोठ्या तबकडीवरच्या खाचा नुसत्या डोळ्यांनी मोकळ्या दिसतात, आणि जिथे सगळे थांबून फक्त ड्रम उरतात तिथे पृष्ठभाग वेगळाच चमकतो, आम्ही सुई तिथेच टेकवायचो.

खर्जप्रेमी

सम बेसकडे येते हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. आज रात्री हेडफोन लावून 'गुड टाइम्स' ऐकतो नीट, मग बोलतो.

सहावी_तार

गिटारवाल्यांच्या वतीने शीकचा गिटारवाला नाइल रॉजर्स याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही.

चारतारा, तुमच्या गाण्यातच उत्तर आहे, फक्त बेस सोडून गिटार ऐका. त्याचा उजवा हात एका ठोक्याला चार अशा गतीने खाली-वर, खाली-वर चालूच असतो, कधीच थांबत नाही, आवाज कुठे काढायचा ते डावा हात ठरवतो. बोटं दाबली की कॉर्ड वाजते, पकड सैल केली आणि बोटं तारेवरच राहू दिली की "चक". तेही वरच्या तीन-चार तारांवरच, जाड तारांना हात नाही, कारण तिकडे बर्नार्ड आहे. मी महिनाभर कॉर्ड न धरता नुसती "चक" वाजवली होती, मनगट भरून यायचं, आणि मग एके दिवशी लक्षात आलं की आता मी गिटार घेऊन ड्रम वाजवतोय. बर्नार्ड हीच युक्ती बेसवर करायचा, पहिलं बोट पिकसारखं खाली-वर, 'एव्हरीबडी डान्स' मधे ऐका, 1977.

माझं लाडकं मात्र 'ल फ्रीक'. 1977 च्या 31 डिसेंबरला ग्रेस जोन्सने या दोघांना स्टुडिओ 54 मधे बोलावलं होतं, पण दारावर नाव पोचलंच नव्हतं आणि त्यांना आत सोडलं नाही. दोघे नटूनथटून थंडीत उभे, शेवटी नाइलच्या घरी गेले, वाद्यं काढली आणि दारवानाला घातलेली शिवी चालीवर म्हणत बसले. शिवी बदलून तिथे दुसरा शब्द बसवला आणि ते पहिल्या नंबरचं गाणं झालं. त्या गाण्यात गिटारची सुरुवात ऐकताना मला अजून तो राग ऐकू येतो, पण राग असा की माणूस नाचायला उठतो.

काळीपांढरी

कीबोर्डवाली आले! सगळे तारांबद्दलच बोलताय, म्हणून दोन-तीन गोष्टी माझ्या बाजूच्या.

बेसवाल्याने बेसची ओळ गिटारवर नाही तर सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर, असलेली गाणी ऐकावीत असं मी नेहमी सांगते. पार्लमेंटचं 'फ्लॅश लाइट', 1978, त्यातला बेस म्हणजे बर्नी वॉरेलने मिनीमूग या सिंथवर वाजवलेला. तारेवर जो सूर घसरतो तो तिथे किल्लीवर घसरतो, फुगतो, आणि कापल्यासारखा संपतो. हर्बी हॅन्कॉकच्या 'कमेलियन' ची सुरुवातीची ओळ, 1973, तीही सिंथवर, आर्प ओडिसी. सिंथवर बोट उचललं की सूर संपला, आपोआप विरत नाही. तारेवर तुम्ही विरण्यावर सोडून देता, आम्हाला प्रत्येक सुराचा शेवट ठरवावाच लागतो. टिपरीदादा लांबीबद्दल म्हणाले ते मला म्हणून फार पटलं.

स्टीव्ही वंडरचं 'सुपरस्टिशन', 1972. क्लॅव्हिनेट. त्या वाद्यात किल्लीखाली खरी तार असते आणि रबराचं टोक ती दाबतं, म्हणून त्याचा आवाज गिटारचा चुलतभाऊ लागतो. त्याने क्लॅव्हिनेटचे थर एकावर एक चढवलेत, ड्रम स्वतः वाजवलेत आणि बेसही मूगवर स्वतःच. ई फ्लॅट मायनर, म्हणजे हात जवळजवळ सगळा काळ्या पट्ट्यांवर. शिकताना मी एकेक थर वेगळा वाजवून पाहिला, एकटा कुठलाच थर पूर्ण वाटत नाही, प्रत्येकात भोकं आहेत. दोन एकत्र केले की एकाच्या भोकात दुसऱ्याचा सूर पडतो. तेव्हा मला फंक कळलं असं म्हणेन मी.

आणि डोना समरचं 'आय फील लव्ह', 1977, म्युनिक, जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट. बेस मशीनचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो इतका पळतो कसा ते ऐका, हेडफोन लावूनच. मूळ सूर एका कानात आणि त्याचा डिलेवाला प्रतिध्वनी दुसऱ्या कानात, दोन सुरांच्या मधल्या जागेत बरोबर बसवलेला. एक कान काढा, गाणं अर्ध्या गतीचं होतं. आणि एवढ्या मशीनच्या पसाऱ्यात बेस ड्रम मात्र माणसाने वाजवलाय, कीथ फोर्सीने, कारण मशीनमधून तसा दणका निघत नव्हता.

टिपरी

काळीपांढरीताई, याच्या बरोबर उलट उदाहरण 'स्टेइंग अलाइव्ह' चं आहे. बी जीज फ्रान्समधल्या स्टुडिओत होते आणि त्यांच्या ड्रमरला घरच्या अडचणीमुळे मधेच जावं लागलं. मग 'नाइट फीव्हर' च्या टेपमधले दोन बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे दोन तुकडे, कापून टोकाला टोक चिकटवलं, तो लांब पट्टा मायक्रोफोनच्या स्टँडवरून फिरवला आणि तेच दोन बार अख्ख्या गाण्याला. म्हणजे वाजवलं माणसानेच, फिरवलं यंत्राने. ठोका मिनिटाला 103 च्या आसपास आहे, म्हणून छाती दाबून हृदय सुरू ठेवायचं शिकवताना हे गाणं मनात म्हणायला सांगतात.

आणि चारतारा, लॅरी ग्रॅहमचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, त्याची गोष्ट तुमच्या बँडसारखीच आहे. तो आईबरोबर वाजवायचा, आई पियानोवर, हा गिटारवर आणि पायाने ऑर्गनचे खर्जाचे पेडल. ऑर्गन बिघडला म्हणून तात्पुरता भाड्याने बेस आणला. मग त्यांचा ड्रमरही गेला. आता ठोका कोण देणार, तर हा अंगठ्याने तार ठोकायला लागला, तो बेस ड्रम, आणि बोटाने ओढून सोडायला लागला, तो स्नेअर. ड्रमर नाही ती जागा भरायला ही पद्धत निघाली. म्हणून ड्रमर समोर असताना नुसता अंगठा आपटत सुटणारे बेसवाले मला सहन होत नाहीत, तिथे ती जागा भरलेली असते.

फंकमधलं माझं एकच सांगतो, क्लाइड स्टबलफील्ड, 'फंकी ड्रमर', 1970. शेवटाकडे सगळे गप्प होतात आणि तो एकटा उरतो. स्नेअरवरचे मोठे ठोके सगळ्यांना ऐकू येतात, मधले दबके ठोके ऐका, काठी जेमतेम कातड्याला लागतेय. पुढे हिप-हॉपवाल्यांनी तो तुकडा शेकडो गाण्यांत घेतला आणि त्याच्या हातात त्याचं मानधन पडलं नाही कारण गाण्याचा लेखक म्हणून त्याचं नाव नव्हतं. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

चारतारा

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस सगळे प्रतिसाद परत परत वाचतोय.

काल प्रॅक्टिस झाली. टिपरी म्हणाले तसं आधी जुनं रेकॉर्डिंग ऐकलं, आणि हो, प्रत्येक स्नेअरवर माझा ई अजून वाजत होता, सगळीकडे. मी सूर सुरू कुठे करायचा एवढंच आयुष्यभर बघत आलोय, संपवायचा कुठे हे कधी ठरवलंच नव्हतं. मग मी काय केलं, 'गुड टाइम्स' चे पहिले तीन ई घेतले, फक्त तेवढेच, पुढची ओळ नाहीच. पहिला ई पूर्ण धरला. दुसरा तिचा स्नेअर पडतो तिथेच येतो म्हणून तो तिच्याबरोबर सुरू केला आणि लगेच डाव्या हाताने सोडला, बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसतं सैल करायचं, सहावी_तार यांच्या "चक" सारखं. तिसरा जरा लांब, पण चौथ्या ठोक्याच्या आत संपवलेला. पंधरा-वीस मिनिटं नुसतं एवढंच. ड्रमर काही बोलली नाही, पण मधेच तिने बेस ड्रम हलका केला, आणि मग हाय-हॅट उघडायला लागली, आधी ती उघडत नव्हती हे मला तेव्हा कळलं, कारण माझ्या सुराखाली ती ऐकूच येत नव्हती म्हणून तिने सोडून दिली होती.

मग पुढची ओळ जोडली आणि आमचा गिटारवाला जो कोपऱ्यात तारा बदलत बसला होता तो मान डोलवायला लागला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

अजून वर चढताना घाई होतेय, ए वर पोचायची उत्सुकता जास्त. आणि लय किती ठेवू? आम्ही साधारण 116 ला वाजवतोय, मूळ त्याहून संथ वाटतं.

टिपरी

मूळ 110 ला थोडी वर आहे. आधी 100 वर वाजवा आठवडाभर. संथ लयीत मोकळी जागा मोठी होते आणि ती भरायचा मोह होतो, तो मोह गेला की वर न्या. आणि तिला सांगा, हाय-हॅट चांगली वाजवतेस म्हणून, ड्रमरला हे कोणी सांगत नाही.

खर्जप्रेमी

ऐकलं. हेडफोन लावून, तीनदा. जुनी_तबकडी, सम बेसकडेच आहे. आता बारा इंची आणि सात इंची जोडीतली कुठली गाणी तुमच्याकडे आहेत ते लिहा, मला दोन्ही ऐकून बघायचीत.